न वाजवलेली थाळी

मानेसरमध्ये हिवाळा आधी कानाला कळतो. एसी बंद होतात, पंखे थांबतात, आणि वर्षभर त्यांच्या घरघरीखाली दबलेले आवाज एकेक करून वर येऊ लागतात. सकाळच्या पाळीची माणसं घेऊन जाणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न, शेअर ऑटोवाल्यांच्या आरोळ्या, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या प्रेसचा ठोका. आमच्या इमारतीमागचा एक प्लॉट कोर्टकज्ज्यात अडकून रिकामा पडला आहे. तिथे विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी त्या कीकरात तितर बोलला.

तितराची हाक एका दमात येत नाही. आधी दोनचार सुटे सूर, कोणी पाण्यात खडे टाकावेत तसे. मग वेग घेत तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा. मग मध्येच बंद. त्यानंतरची शांतता आधीच्यापेक्षा जास्त वाटते.

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा नात कामावर निघाली होती. ती इथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिचं मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असतं तसं आहे.

"आजोबा, हा कुठला बर्ड आहे यार? रोज अलार्मच्या आधी उठवतो."

"तितर."

"तीतर? अच्छा, वो खाते हैं ना?"

"पूर्वी खायचे."

"तुम्ही खाल्लाय?"

"एकदा."

ती हसली, डबा उचलला आणि दारातून वळून म्हणाली, "आणि प्लीज, किचनमध्ये असे चोरासारखे वावरू नका. काल तुम्ही मागे उभे होता, मला कळलंच नाही. डर गई मैं."

माझी ही सवय जुनी आहे. भांडं ओट्यावर ठेवताना भांड्याच्या आधी बोटं टेकतात. कडी लावताना दुसरा हात कडीखाली जातो. दार लोटताना शेवटच्या वितीला हात थांबतो. लहानपणी घरात मी धांदरट म्हणून प्रसिद्ध होतो. सवय पुढे एका हिवाळ्यात लागली, पासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात, दिल्ली छावणीतल्या माझ्या बहिणीच्या घरी.

तेव्हा मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि सुमनताईच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत राहत होतो. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फौजेत मेजर होते. माणदेशातले. उंच, कमी बोलणारे, पण बोलले की वाक्य लक्षात राहील असे. मला ते 'पाव्हणं' म्हणत. मी त्यांच्याकडे किती वर्षं राहिलो तरी ती हाक बदलली नाही. "काय पाव्हणं, आज कुणाचं सरकार पाडलं?" असं ते रोज संध्याकाळी विचारत. लढाईआधी विचारत, असं म्हटलं पाहिजे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये कॅप्टन सोढी राहत. दाजींहून वयाने लहान, आवाजाने दुप्पट. त्यांच्याकडे पॉइंटर जातीची एक कुत्री होती. पॉइंटर हा पाखरांच्या शिकारीचा कुत्रा. तो जिवंत पाखराला धरत नाही, त्याचा माग काढतो; पडलेलं मात्र तोंडात धरून आणतो. झुडपात दडलेल्या तितराचा वास आला की जागच्या जागी थिजतो. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक वासाच्या दिशेला. शिकारी जवळ येऊन पाखरू उठवेपर्यंत त्याने तसंच उभं राहायचं असतं. तेव्हा परवाना असेल त्याला हिवाळ्यात तितर मारता येत असे. पुढे ते कायद्याने बंद झालं आणि ते योग्यच झालं. पण त्या काळी छावणीत रविवारच्या शिकारीचं कोणाला वावगं वाटत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर सोढींच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातली एक पांढरी मादी, डाव्या कानावर तपकिरी डाग असलेली, सोढींनी कोणाला दिली नाही. ती त्यांनी आणि दाजींनी मिळून तयार करायची, असं ठरलं. नाव ताईने ठेवलं. सोनी.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. पाऊस पडून गेला होता. सोढी व्हरांड्यात बनियनवर बसले होते आणि कुत्रा कसा तयार करतात ते मला सांगत होते.

"ओ अखबारवाले, लिख ले. छपेगा नहीं, पर काम आएगा. पहले नाक, फिर पैर, फिर कान."

नाक म्हणजे वास ओळखणं. ते रक्तातच असतं, फक्त जागं करायचं. पैर म्हणजे थांबणं. लांब दोरी बांधायची, 'रुक' म्हणायचं, थांबला की पाठीवर हात ठेवायचा. आणि कान म्हणजे बंदुकीचा आवाज. इथे घाई केली की कुत्रा जन्माचा बिघडतो आणि आळस केला तरी बिघडतो. पिल्लू जेवत असताना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून थाळी वाजवायची. रोज थोडं पुढे यायचं. "आवाज हुआ तो खाना आया, बस. फिर बंदूक भी उसके लिए खाना है." त्यांनी आतून थाळी मागवली आणि चमच्याने अशी बडवली की समोरच्या क्वार्टरमधून कोणी डोकावलं. सोनीची आई पायाशी झोपली होती. तिने डोळासुद्धा उघडला नाही.

ताई आतून ओरडली, "सोढीसाहेब, कान गेले आमचे!"

"भाभीजी, कान ही तो बना रहा हूँ!" सोढी म्हणाले. मग दाजींकडे वळून, "सुन मराठे, इसका पहला तीतर तू गिराएगा. मैं देखूँगा. और भाभीजी उसमें इतनी मिर्ची डालेंगी कि तीतर फिर से उड़ जाए."

सप्टेंबरमध्ये लढाई झाली. सोढी परत आले नाहीत.

दाजी आले. आधी इस्पितळात, मग घरी. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येत होतं. उजवा कान शाबूत होता, किंवा गरजेपेक्षा जास्त शाबूत होता. तिकडे त्यांनी काय पाहिलं, सोढींच्या शेवटच्या दिवशी ते जवळ होते का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात जे कळलं नाही ते लिहायचं नसतं. तो नियम मी इथेही पाळतो.

सोढींच्या पत्नी कंवलभाभी ऑक्टोबरमध्ये क्वार्टर सोडून होशियारपूरला माहेरी गेल्या. मोठी कुत्री त्यांनी सोबत नेली. जाताना सोनी आमच्या दारात आणून सोडली, आणि सोढींची जुनी जीपही गिऱ्हाईक मिळेपर्यंत दाजींकडे ठेवली. कंवलभाभींचा भाऊ तिकडे शिकार करायचा. सोनी तयार झाली की हिवाळा संपता संपता त्या येऊन तिला त्याच्याकडे घेऊन जाणार होत्या.

"पहला तीतर आप ही गिराइएगा, भाईसाब," त्या म्हणाल्या. "उन्होंने कहा था."

दाजी म्हणाले, "जी."

त्यांना सोनीचं बाकी काही वचन द्यावं लागलं नाही. एवढं एक पुरेसं होतं.

त्या वर्षी आमच्या लाइनीत दिवाळीला फटाके जवळजवळ उडालेच नाहीत. दोन घरांना कुलूप होतं. ताईने पणत्या लावल्या, करंज्या केल्या आणि शेजारीपाजारी पाठवल्या. त्या दिवसांत घर बदलत गेलं. कोणी ठरवून बदललं नाही. एकदा मोरीत पातेलं पडलं तेव्हा दाजी जेवता जेवता उठून भिंतीला लागून उभे राहिले. क्षणभरच. मग परत पाटावर बसले आणि म्हणाले, "आमटी चांगली झालीय." दुसऱ्या दिवशी मोरीत भांड्यांखाली जुना टॉवेल अंथरलेला होता. मग कड्यांना साडीच्या चिंध्या गुंडाळल्या गेल्या. कुकर माळ्यावर गेला आणि डाळ पातेल्यात शिजू लागली. दूधवाल्याला कडी वाजवायची मनाई झाली. त्याने खिडकीखाली हळूच 'बीबीजी' म्हणायचं. देवपूजेच्या वेळी ताई घंटा हलवायची, पण लोलकाला बोट लावून धरायची. देवाला घंटा दिसे, ऐकू येत नसे. सोनीचा जेवणाचा डबा पत्र्याचा होता, तो ती फरशीवर ढकलत न्यायची. त्याच्याजागी मातीचा कुंडा आला.

पाहुणे आले की म्हणत, "किती शांत घर आहे हो तुमचं!" ताई हसून चहा पुढे करायची.

नोव्हेंबरपासून आम्ही दर रविवारी निघू लागलो. जयपूरच्या रस्त्याने मानेसरच्या अलीकडे एक गाव होतं, अरवलीच्या पायथ्याशी. आज त्या गावाची शेतं कारखान्यांच्या कुंपणात आहेत. मी बसमधून जाताना कुठली जागा कुठली ते ओळखायचा प्रयत्न सोडून दिला आहे. तेव्हा तिथे बाजरीची कापणी झालेली रानं होती, बांधाला मुंज गवत आणि झडबेरीची, म्हणजे रानबोरीची, काटेरी झुडपं, मागे हरभरा आणि मोहरी. सकाळी जमिनीवर धुकं गुडघाभर असायचं आणि त्याच्या वर माणसांची नुसती धडं चालताना दिसायची.

जीप सुरू करताना एक दणका बसायचा, मग इंजिन चालू व्हायचं. त्या दणक्याला सोनी सीटखाली जायची आणि दिल्लीची हद्द ओलांडेपर्यंत थरथरत राहायची. आम्हाला वाटायचं, थंडी. ताईने तिला पोत्याची झूल शिवून दिली.

रामफल त्या गावातला शेतकरी. आमचा वाटाड्या, पाखरं उठवणारा आणि टीकाकार. पन्नाशी उलटलेली, अंगावर जाड सुती खेस, तोंडात सतत काहीतरी. पिकात घुसणाऱ्या नीलगाईंसाठी त्याच्याकडे एक टोपीदार बंदूक होती. तीत तो दारू स्वतः ठासायचा.

सोनीचं नाक पहिल्याच रविवारी जागं झालं. रामफलने जाळ्यात धरलेला तितर पिंजऱ्यात घालून झुडपात लपवला होता. सोनी नाचत, फुलपाखरांच्या मागे धावत येत होती, आणि एकदम कोणी मानगूट धरावी तशी थांबली. उजवा पाय उचललेला. अंगातली एकेक शीर दिसत होती. शिकवलेलं काहीही नव्हतं ते. तिच्या आईकडून, आईच्या आईकडून आलेलं होतं. दाजी दोरी धरून हळूहळू तिच्यापाशी गेले आणि पाठीवर हात ठेवला. "शाबास," ते म्हणाले. लढाईनंतर त्यांच्या तोंडून एवढ्या मोकळ्या आवाजातला शब्द मी प्रथम ऐकला.

मग पैर. ते काम दाजींच्या हाताला बसणारं होतं. 'रुक.' चार पावलं. 'रुक.' दोरी लांब झाली, मग सुटली. डिसेंबरात सोनी मोकळ्या रानात धावता धावता एका शब्दावर उभी राहू लागली. मोहरी फुलली होती. त्या पिवळ्यात पांढरी कुत्री दगडासारखी उभी आणि तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर दाजी, तेही उभे. असं दृश्य मी त्या हिवाळ्यात पुष्कळदा पाहिलं. दोघांतलं कोण कोणाला थांबवून ठेवतंय ते लांबून सांगता येत नसे.

ताई शनिवारी संध्याकाळी खोबरं, तीळ, कांदा भाजून वाटण करून ठेवायची. पाट्यावर वाटायची, कारण खलबत्ता वाजतो. रविवारी दुपारी जीप थांबली की ती दारात यायची, आमच्या हातांकडे बघायची आणि आत जाऊन बटाटे चिरायला घ्यायची. वाटण वाया घालवायचं नाही. ताटात बटाट्याचा रस्सा आला की म्हणायची, "घ्या, आजचा तितर. तळेगावचा."

"तुझा हा तितर फार शिजलाय," मी म्हणायचो.

"मग पुढच्या रविवारी कच्चा आणा की! मी शिजवायला बसलेच आहे."

दाजी हसायचे. पण पुढच्या पुढच्या रविवारी ती दारात येईनाशी झाली. आतूनच विचारायची, "बटाटे घेऊ ना?"

सोनी पॉइंट धरायची. दाजी बंदूक घेऊन पुढे जायचे. रामफल काठीने झुडूप हलवायचा. तितर फर्र करून उठायचा आणि दाजींची बंदूक खांद्याला लागायची. तिथेच सगळं थांबायचं. तितर मोहरीवरून खाली झेपावत पलीकडच्या बांधाआड जायचा. बंदूक खाली यायची.

"लांब होता," दाजी म्हणायचे.

किंवा, "ऊन डोळ्यांवर होतं."

किंवा, "रामफल, तू बीच में आ गया."

"मैं?" रामफल छातीवर हात ठेवायचा. "मैं तो इस कीकर के पाच्छै था, साब. मन्नै मारण खातर तो आपनै पेड़ भी मारणा पड़ता."

एकदा म्हणाले, "मादी होती."

रामफलने तोंडात होतं ते थुंकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबूजी, भूरे तीतर मैं नर-मादा उड़ते होए तो उसकी सास्सू भी ना पिछाणै."

संध्याकाळी परतताना दाजी मला समजावायचे. कुत्री अजून पक्की झालेली नाही, घाईत गोळी चालवली तर ती पाखरामागे धावायला शिकेल, आधी थांबणं पुरतं मुरलं पाहिजे. फौजी माणसाला कवायतीचं हे पटतं, आणि मलाही पटत होतं. सोनी आता इतकी पक्की झाली होती की झुडपासमोर उभी राहिली की अंगावर माशी बसली तरी कातडी हलायची नाही. दाजी तिला तसंच ठेवायचे, जास्त वेळ, अजून जास्त वेळ. मग जाऊन पाठीवर हात ठेवायचे आणि परत फिरवायचे. तिच्या लेखी शिकार तिथेच संपत होती.

रामफलला ते दिसलं. "साब, कुतिया नै एक बै पंछी मुँह मैं ना आया तो वा सोच्चैगी, यो खेल खड़े होण का सै. इब मौसम जा रह्या सै."

"अगले इतवार," दाजी म्हणाले.

जानेवारी गेला. मोहरीच्या शेंगा भरल्या. तितरांच्या जोड्या जमू लागल्या आणि सकाळी त्यांच्या हाका वाढल्या. जोड्या जमल्या की शिकार थांबवायची, असा तिथला रिवाज होता. होशियारपूरहून निरोप आला होता की कंवलभाभी पेन्शनच्या कामाला मार्चात दिल्लीला येतील, तेव्हा सोनीला घेऊन जातील.

फेब्रुवारीतला तो शेवटचा रविवार. हरभऱ्याच्या रानाच्या कडेला एक मोठी झडबेरी होती. सोनी वाऱ्याच्या तोंडाने येत होती. थांबली. पाय उचलला. शेपूट ताठ. दाजी मागून पुढे सरकले. रामफल बाजूला, मी त्याच्या मागे. त्या दिवशी त्याने आपली बंदूक आणली होती. नीलगाईंचा कळप आदल्या संध्याकाळी दिसला होता, असं म्हणाला होता.

सोनीने मान वळवली.

ही गोष्ट साधी वाटेल. पण पॉइंट धरलेला कुत्रा कधीच मागे बघत नाही. त्याचं सगळं अंग पुढे लागलेलं असतं. सोनीने पाखरावरची नजर काढून दाजींकडे पाहिलं. पाय तसाच उचललेला. ती त्यांच्या हाताची वाट बघत होती.

"देख ल्यो," रामफल हलक्या आवाजात म्हणाला. "पूच्छण लाग री सै."

दाजी हलले नाहीत. बंदूक छातीशी आडवी. रामफलने काठी झुडपात खुपसली, तितर उठला, आणि रामफलने स्वतःची बंदूक उचलून उडवली.

टोपीदार बंदुकीचा आवाज आखीव नसतो. फुटल्यासारखा असतो, आणि त्याच्याबरोबर पांढरा धूर येतो. धूर विरला तेव्हा तितर हरभऱ्यात पडलेला होता. सोनी कुठेच नव्हती. आणि दाजी उभे नव्हते. ते हरभऱ्यात पालथे पडले होते, दोन्ही हात डोक्यावर घट्ट, कोपरं जमिनीत रुतवलेली. गोळी लागलेला माणूस असा पडत नाही. शिकवलेला माणूस असा पडतो.

रामफल धावला नाही. त्याने आपली बंदूक खाली ठेवली आणि तिथेच उकिडवा बसला. "गलती हो गी, साब," तो म्हणाला. "मेरे तै गलती हो गी." मोहरीतून एक वेडा राघू उडाला.

दाजींची बंदूक दूर पडली होती. मी ती उचलली. पडलेली बंदूक आधी उघडून बघायची, असं त्यांनीच मला पहिल्या रविवारी शिकवलं होतं. मी उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. नळ्यांमधून पलीकडचं आकाश दिसत होतं, आणि आत घरून निघताना लावलेलं तेल तसंच होतं. कितव्या रविवारपासून ती अशी रिकामी येत होती, हे मला माहीत नाही. मला वाटतं, पहिल्यापासून. मी ती मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हरभऱ्याची पानं शर्टावरून झटकली आणि सोनीला हाका मारत निघाले.

ती जीपखाली सापडली. मागच्या चाकाला अंग चिकटवून बसली होती. दाजी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांचा हात तिच्या पाठीवर होता आणि दोघंही थरथरत होती. त्या दिवशी थंडी नव्हती.

रामफलने तितर जीपमध्ये आणून ठेवला. घरी ताई दारात आली नाही. मी तितर स्वयंपाकघरात नेला तेव्हा ती बटाटे चिरत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

"पडला! अगं बाई, पडला की हो शेवटी!" ती उठली, हात पुसत बाहेर आली, आणि दाजींच्या शर्टाची पुढची बाजू, कोपरांवरची माती, खाटेखाली शिरणारी सोनी, हे तिने एकापाठोपाठ एक पाहिलं. मग ती आत गेली आणि तितर साफ करायला घेतला. रस्सा उत्तम झाला होता. सगळ्यांनी जेवताना तसं म्हटलं.

हात धुताना दाजी म्हणाले, "सुमन, थाळी वाजवायची असते. पिल्लू जेवत असलं की. रोज थोडी जवळून. सोढीने सांगितलं होतं."

"मग वाजवली का नाही? मला सांगायचं, मी वाजवली असती. रोज वाजवली असती मी, त्यात काय..."

ती मध्येच थांबली. मोरीत अंथरलेल्या टॉवेलवर भांडी उपडी घातलेली होती. कडीला साडीची चिंधी होती, निळ्या काठाची. ती हिवाळाभर ज्या एका माणसासाठी घरातला एकेक आवाज वेचून काढत होती, त्याच घरात ते पिल्लू वाढलं होतं. ताईने चूक केली असं मी म्हणणार नाही. दाजींनाही म्हणत नाही. नाकाचं काम झालं होतं, पायांचं तर नको तितकं झालं होतं. कानाचं काम त्या घरात होऊच शकत नव्हतं.

मी पुढे वार्ताहर झालो. लढाया, निवडणुका, पूर, पुष्कळ लिहिलं. लढाई कधी संपली ते वर्तमानपत्र एका दिवसाच्या तारखेने सांगतं. मी स्वतः ती ओळ कितीदा तरी छापायला दिली आहे. ती देताना माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी निळ्या काठाची चिंधी येते.

मार्चात छावणीच्या रस्त्यांवर सावरीची लाल फुलं पडू लागली. कंवलभाभी आल्या त्या दुपारी त्यांच्या चपलेला एक पाकळी चिकटून आत आली होती. पांढरी ओढणी, चेहरा उतरलेला, पण आवाज पूर्वीसारखाच ठाम. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी विचारलं, "गिराया, भाईसाब?"

दाजी उभे राहिले. "गिरा," ते म्हणाले. "मैंने नहीं गिराया. मुझसे नहीं हुआ. और सोनी बंदूक की आवाज़ से भाग गई. अब नहीं बनेगी. कान का काम मैंने किया ही नहीं."

कंवलभाभींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. सोनी खाटेखालून त्यांच्याकडे बघत होती.

"वो भी कहाँ हर बार गिराते थे," त्या म्हणाल्या. "आधे तीतर तो उनकी बातों में ही गिरते थे." त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "पर मेरा भाई ऐसी कुतिया एक दिन नहीं रखेगा. उसको मैं जानती हूँ."

ऐसी कुतिया म्हटल्यावर कोणीच वर पाहिलं नाही. बंदुकीला भ्यालेल्या पॉइंटरचं काय करतात ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. रामफलने मला ते त्या रविवारी रानातच सांगितलं होतं, गोळी घालतात.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. पाहुण्यांसाठी तिने ट्रे काढला होता, आणि ट्रेवर जुन्या सवयीने पाण्याचे स्टीलचे पेले. उंबऱ्यात तिचा पाय पदरात अडकला. एक पेला सुटला आणि मोझेकच्या फरशीवर पडून खणखणत खोलीभर फिरला.

सोनी खाटेखाली भिंतीपर्यंत मागे गेली. दाजी भिंतीला टेकलेले होते, तळवे भिंतीवर सपाट. पेला थांबला. दाजींनी हात खाली घेतले आणि म्हणाले, "काही नाही. काही नाही."

कंवलभाभींनी दाजींकडे पाहिलं. मग खाटेखाली पाहिलं. मग त्यांची नजर खोलीतून फिरली, कडीवरून, मातीच्या कुंड्यावरून, देवघरातल्या घंटेवरून, आणि ताईवर येऊन थांबली. ताई ट्रे धरून उंबऱ्यातच उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनी एकाच लढाईतून आपापल्या वाट्याला आलेलं घरी आणलेलं होतं.

"इसे यहीं रहने दीजिए, सुमनभाभी," कंवलभाभी म्हणाल्या. "आपके घर में शोर नहीं है."

सोनी त्या घरी राहिली. त्या क्वार्टरमध्ये, मग बदलीच्या प्रत्येक गावी, शेवटी माणदेशात. दाजींनी परवान्याची बंदूक परत केली. प्रत्येक नव्या घरी ताई आधी कड्यांना चिंध्या गुंडाळायची, मग देव मांडायची. म्हातारी झाल्यावरही सोनी कुंपणाशी एखादी चिमणी दिसली की पाय उचलून उभी राहायची आणि मान वळवून दाजींकडे बघायची. ते काम टाकून उठायचे आणि जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचे.

त्या दुपारी मात्र अजून चहा व्हायचा होता. ताईने कप पुढे केला. कंवलभाभींनी तो घेतला, हळूहळू संपवला, आणि खाली ठेवताना क्षणभर थांबल्या. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट बशीवर आडवं धरलं, कप बोटावर टेकवला आणि बोट सावकाश काढून घेतलं.

आवाज झाला नाही.